पाच मीटर खोलीवरची तक्रार

शनिवार, १८ जून २०२२. सकाळी १०.२०.
वेळ मनगटावरच्या डाइव्हच्या घड्याळातून घेतली आहे, म्हणजे पुढे वाद नको. या मिनिटाला, पॉइंट लोलीच्या खडकाळ किनाऱ्यापासून साठ मीटरवर, पाच मीटर खोल पाण्यात, माझा डाइव्हचा जोडीदार मर्व पास्को याने माझा डावा पाय घोट्याला धरून मागे खेचला. विनाकारण. मी चित्रीकरण करत होते. समोर दोन कटलफिश नर एका मादीसाठी झुंजत होते, अंगावरून रंगांचे पट्टे धावत होते, आणि आयुष्यातला पहिला नीट शॉट मला मिळत होता. पाय खेचला तशी मी मागे, कॅमेरा आभाळाकडे, पाणी गढूळ, तिन्ही कटलफिश पसार.
वर आल्यावर जाब विचारला. म्हणाला, अगं, आधी सूप पी, ओठ निळे पडलेत तुझे. नगरपालिकेच्या तक्रार-खिडकीवर मी सव्वीस वर्षं काढली आहेत. सूप पाजून मला कोणी गप्प करू शकत नाही.
सूप प्यायले. भोपळ्याचं होतं.

रविवार, १९ जून.
डाइव्हिंग क्लबच्या समितीकडे तक्रार दिली. तीन पानं, मुद्देसूद. सचिव रेलीन डफील्डचा लगेच फोन. म्हणाली, नोरीन, मर्व अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, आम्हा सगळ्यांना त्यानंच शिकवलंय, हे लेखीच हवंय का तुला? म्हटलं, तोंडी तक्रार म्हणजे कुरकुर. मग म्हणते, पण नऊच डाइव्ह झालेत तुझे, इतक्यात कॅमेरा कशाला? हेच मर्वही म्हणायचा: आधी तरंगायला शिक, मग कॅमेरा धर. या क्लबात नव्या माणसाची गुणवत्ता कोणाला बघवत नाही.

बुधवार, २२ जून.
समितीने तीन दिवसांत निर्णय दिला (मी रोज फोन करत होते, त्याचा उपयोग झाला). चौकशी होईपर्यंत मर्वने क्लबतर्फे पाण्यात उतरायचं नाही.
मी एवढं मागितलं नव्हतं. मी फक्त त्याच्याकडून माफीची मागणी केली होती. आणि ताकीद. आणि चौकशी.

शनिवार, २५ जून.
आजपासून शिस्त. एक शॉट, दहा सेकंद. झूम करायचं नाही, जवळ जायचं. दिवे बाहेरच्या बाजूला वळवायचे, नाहीतर पाण्यातला कचरा बर्फासारखा चमकतो. श्वास हळू. पाय वर. पाय वर हे मर्वचं, पण चांगलं ते शत्रूकडूनही घ्यावं.
रेलीनबरोबर उतरले. पाणी बारा अंश. मर्व किनाऱ्यावर दगडावर बसला होता, मांडीवर पाटी, हातात पेन्सिल. दर हिवाळ्यात, म्हणजे इथे जून ते ऑगस्ट, तो कटलफिशची अंडी कुठल्या कपारीत किती, ते मोजतो. हा बाविसावा हिवाळा. आज तो इतरांना विचारून लिहून घेत होता. मला विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण मी कपारीकडे बघितलंच नव्हतं.
गाडीपाशी रेलीन म्हणाली, त्याचं डाइव्हिंगसाठीचं डॉक्टरचं सर्टिफिकेट ३१ जुलैला संपतंय. डॉक्टर म्हणालाय, मर्व, पुढच्या वेळी येऊ नकोस, मला नाही म्हणायला लावू नकोस. म्हटलं, मला हे कोणी सांगितलं नव्हतं.
मे महिन्यात मर्वनंच सांगितलं होतं. मला वाटलं तो गुडघ्यांबद्दल बोलतोय.

मंगळवार, २८ जून.
पोहण्याच्या तलावात सराव. तळाशी चमचा ठेवला आणि त्याच्याभोवती न हलता तरंगत चित्रीकरण केलं. म्हणजे न हलता तरंगायचा बेत होता. चमच्यावर बसले. जीवरक्षक पोरगी वरून ओरडली, मावशी, बऱ्या आहात ना? बऱ्या आहोत म्हटलं. नवरा डेस बाकावर पेपर वाचत होता. म्हणाला, चमच्याला भूमिका आवडलेली दिसत नाही.

रविवार, ३ जुलै.
डेसने कॅमेऱ्याचं १८ जूनचं कार्ड टीव्हीला जोडलं. एकतीस क्लिप. कटलफिश एकाही क्लिपमध्ये नाही.
कारण तांत्रिक आहे. हातमोजे जाड. पहिल्यांदा बटण दाबलं ते लागलंच नाही, आणि तिथून सगळं उलटं झालं. मी सुरू करतेय समजून बंद करत होते, बंद करतेय समजून सुरू करत होते. म्हणजे कटलफिश समोर असताना कॅमेरा झोपलेला, आणि मी तो मनगटाच्या दोरीवर सोडून दिला की जागा. वाळू, बुडबुडे, माझं पोट, पुन्हा वाळू. अशी यंत्रं विकायला परवानगी कशी मिळते?
झुंजीच्या वेळीही, १८ तारखेला मी काहीही लिहिलं असलं तरी, तोल सावरायला मी तो हातातून सोडला होता, आणि तो दोरीवर लोंबकळत चित्रीकरण करत होता. ती क्लिप १४. बावीस सेकंद. चित्र तिरकं आहे, पण स्पष्ट आहे. माझा डावा पाय एका सपाट दगडाखाली गेलेला. दगड कलंडलेला. त्याच्या पोटाला अंडी लटकलेली, सोललेल्या लसणाच्या पाकळ्यांसारखी पांढरीशुभ्र, शेकडो. मी पाय मारतेय. दर फटक्याला पाच-सात गळून पडताहेत. मग काळ्या हातमोज्यातला हात येतो, माझा घोटा धरतो, पाय सोडवतो. मग तेच दोन हात दगड पूर्ववत लावतात, डुगडुगू नये म्हणून खाली बारके खडे सरकवतात. एकेक खडा.
डेसने टीव्ही बंद केला. म्हणाला, चहा टाकू?

सोमवार, ४ जुलै.
विचार केला. अंडी लाखो असतात. लाटांनीही गळतात. दगडाखाली अंडी घालायची हा निर्णय माझा नाही. शिवाय मर्वने वर आल्यावर सांगायला हवं होतं. सूप कसलं पाजतो?
पोर्ट पिरीच्या कॉन्व्हेंटात सिस्टर परपेचुआ म्हणायच्या, गप्प राहून केलेलं पाप दुप्पट मोजावं, कारण त्यात आळसही असतो. सिस्टरना कधी पाण्याखाली जावं लागलं नाही.
क्लिप पुसणार होते. पुसली नाही. तांत्रिक पुरावा म्हणून कॅमेरा कंपनीला लागेल.

शनिवार, ९ जुलै.
डाइव्हला गेले नाही. वारा होता.
वारा नव्हता. मर्व त्या दगडावर पाटी घेऊन बसला असणार, म्हणून गेले नाही. एकट्याने उतरायचं नाही हा नियम त्यानंच आम्हाला घोकायला लावला, आणि समितीच्या निर्णयानंतर कोणी त्याचा जोडीदार होत नाही. तो बसून राहतो.
लॅमिंग्टन केक केले, चोवीस, आणि त्याच्या दारात ठेवून आले. तासाभराने फोन. म्हणाला, नोरीन, कोण वारलं? म्हटलं, जास्तीचे झाले होते. म्हणाला, चोवीस? म्हटलं, आमच्याकडे मोठ्या प्रमाणावर करतात. त्याने आभार मानले, नारळ छान भाजलाय म्हणाला. मला सांगायचं होतं. नारळाबद्दलच बोलत राहिले.

मंगळवार, १२ जुलै. दुपारी ३.
गेले. कॅमेरा घेऊन. त्याच्या स्वयंपाकघरात, टेबलापाशी, उभ्याउभ्याच क्लिप दाखवली. एवढ्याशा पडद्यावर मला ती पुन्हा बघवली नाही, मी सिंककडे बघत होते. मर्वने चष्मा लावून पूर्ण बघितली. मग म्हणाला, उजेड बरा पडलाय.
म्हटलं, मर्व, तो पाय माझा आहे. म्हणाला, अगं, पाण्यात आपण दोघंच होतो. मी नव्हे म्हटल्यावर उरलं कोण?
मग समितीला का नाही सांगितलंस? त्यावर त्याने एक लॅमिंग्टन कापून अर्धा माझ्यापुढे सरकवला. म्हणाला, नवशिक्यानं अंडी तुडवली असं नोंदलं गेलं की या मोसमात त्याला पुन्हा उतरू देत नाहीत. आणि एकदा का हिवाळा हुकला की तुझ्यासारखी माणसं परत येत नाहीत. तू सदुसष्टाव्या वर्षी पोहायला शिकून आलीस बाई. मला वाटलं, तुझा मोसम वाया जाऊ नये.
आणि तुझा?
म्हणाला, माझे एकवीस झालेत की.
मी म्हटलं, तुझ्या सिंकला गळती आहे, बघून घे. घरी आले.

गुरुवार, १४ जुलै.
रेलीनला क्लिप दिली, तक्रार मागे घेतली. वाटलं, शनिवारी मर्व पाण्यात. रेलीनने क्लिप दोनदा बघितली, माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. म्हणाली, तक्रार अशी मागे घेता येत नाही, चौकशी सुरू आहे, पुढची बैठक २ ऑगस्टला. म्हटलं, अगं, ३१ जुलैला त्याचं सर्टिफिकेट संपतंय! म्हणाली, माहितेय. बंदी घालायला लेखी तक्रार लागली होती, उठवायलाही लेखीच लागेल. तुझेच शब्द आहेत, नोरीन: तोंडी तक्रार म्हणजे कुरकुर.
एखाद्या बाईने इतकं निर्दयपणे काम करावं? मी खिडकीवर असताना असंच करत असे.

शुक्रवार, १५ जुलै. सकाळी ९.
पत्र दिलं. इथे नक्कल. पहिल्या मसुद्यात ‘गैरसमजातून’ असं लिहिलं होतं, ते काढलं. दुसऱ्यात ‘बहुतांशी माझी चूक’ होतं. त्यातलं ‘बहुतांशी’ काढायला जेवणाची वेळ झाली असती, डेसने खोडलं.

प्रति, सचिव.
विषय: १९ जूनच्या खोट्या तक्रारीविरुद्ध तक्रार.
तक्रारदार: नोरीन ट्रेझीझ.
जिच्याविरुद्ध तक्रार आहे ती: वरीलप्रमाणे.
अंडी मी तुडवली. मर्व पास्को यांनी ती वाचवली, आणि मलाही पाठीशी घातलं. पुरावा: क्लिप १४, बावीस सेकंद. मला या मोसमात पाण्यात उतरू देऊ नये. कॅमेऱ्यासह तर नाहीच. पास्को यांच्यावरची बंदी २ ऑगस्टच्या बैठकीची वाट न बघता उठवावी. त्यांना आता २३ आणि ३० जुलै असे दोनच शनिवार मिळू शकतात, आणि जोडीदार म्हणून आपण स्वतः उतरावं. २५ जूनपासून उद्याच्या १६ जुलैपर्यंतचे चार शनिवार माझ्यामुळे गेले आहेत, ते परत करता येत नाहीत, याची मला कल्पना आहे.
शुक्रवार, २२ जुलै, सायंकाळी पाचच्या आत लेखी उत्तर मिळावं.