सोबतीचे हातमोजे

सोमवार, ३ ऑक्टोबर

पोचले एकदाची. बॅगेचं चाक चढावरच निखळलं, तेव्हा शेवटचा टप्पा बॅग कडेवर घेऊन आले. फाटकावरचा रखवालदार बघून हसला, मग मीही हसले. जागा छान आहे. पुढे रुग्णांची दुमजली इमारत, मधे हिरवळ आणि मागे आम्हा सोबत्यांच्या बैठ्या खोल्या. माझ्या खोलीतलं कपाट असं आहे की लावलं की उघडतं आणि उघडलं की अडून बसतं. जमेल आमचं, माझाही स्वभाव काही वेगळा नाही.

कामाचं नाव 'सोबती'. व्यसन सोडायला आलेल्या माणसाजवळ बसायचं, त्याचा हात हातात धरायचा, झालं. मुलाखतीत डॉक्टरांनी माझं शिक्षण विचारलंच नाही. दारू? नाही. तंबाखू? नाही. झोपेची गोळी? मी डोकेदुखीचीही घेत नाही म्हटलं. चहा? तोही नाही. तेव्हा उपवर मुलीच्या बापाने कायम नोकरीवाल्या मुलाकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पगार बेताचा आहे, पण सवलत मोठी: सोबत्याच्या घरचं एक माणूस इथे फुकट बरं करतात. महिनाअखेर खाट रिकामी होईल, की माझा धाकटा भाऊ येईल.

पिणाऱ्यांची मला दया येत नाही. इथे लिहून ठेवते, कारण तोंडाने म्हणायची आता चोरी आहे. "ताई, आज शेवटचं," हे भावाचं वाक्य ऐकून माझे कान किटले. भावजय कंटाळून निघून गेली, आईने अंथरूण धरलं आणि त्यांची सात वर्षांची चिंगी माझ्या पदरात आली. मन खंबीर असेल तर सवय मोडते. चिंगी नखं कुरतडायची. बोटांना कडू औषध लावलं, आठवड्यात खोड मोडली. या धटिंगणांना काय धाड भरली आहे?

शेजारच्या खोलीत सगळ्यांत जुन्या सोबती राहतात, सगळे त्यांना मावशी म्हणतात. राखाडी लोकरीचे हातमोजे घालून विणत बसल्या होत्या, आणि विणत होत्या तेही हातमोजेच. मला एक जोड दिला. थंडी कुठे आहे, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, असू दे, लागतील. जेवणघरात पाहिलं तर सगळेच जुने सोबती हातमोजे घालून जेवत होते. चमच्याने. मला हसू आवरेना.

बुधवार, ५ ऑक्टोबर

आज पहिली बैठक. लहानशी खोली, समोरासमोर दोन खुर्च्या, मधे अरुंद टेबल. कोपरं टेकून टेकून त्याच्या लाकडाला खळगे पडले आहेत. समोर एक ट्रक ड्रायव्हर. वीस वर्षं दारू. चार दिवस बंद, त्यामुळे अंगाला कंप, शर्ट ओलाचिंब, दात वाजत होते. बघवत नव्हतं, पण मी पाहिलं. त्याचा हात धरला. बराच वेळ काही नाही. मग माझ्या तळव्याला मुंग्या आल्या, बसून बसून पाय झोपतो तशा, आणि त्या कोपरापर्यंत चढल्या.

ड्रायव्हरचा कंप थांबला. डोक्यावरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसा तो मोकळा श्वास घेत बसला. मग त्याने चक्क जेवायला मागितलं. बाहेर त्याची बायको माझ्या पाया पडायला लागली. खोटं कशाला बोलू, मूठभर मांस चढलं.

रविवार, ९ ऑक्टोबर

घरी फोन केला. चिंगीने शाळेतली कविता म्हणून दाखवली, मधेच विसरली, पहिल्यापासून सुरू केली. तिला सांगितलं की आत्या आजारी माणसांना बरं करते. हात लावून? हो, हात लावून. ती म्हणाली, मग बाबांना लाव ना.

तब्येत मात्र जरा नरम आहे. काल झोपेच्या गोळ्यांची सवय लागलेले चित्रकलेचे एक मास्तर होते. ते बरे झाले. मी मात्र दुपारभर खोलीत येरझाऱ्या घातल्या. काहीतरी हवं होतं. पाणी प्यायले, गूळ खाल्ला, ते नव्हे. घशात खरवड आणि जिभेखाली एक पोकळी. ज्याची चव आयुष्यात चाखली नाही, त्याची आठवण कशी येईल? जागा बदलली, पाणी बदललं, त्याचं असेल.

शनिवार, १५ ऑक्टोबर

सोबत्यांत एक लंबू आहे, मितभाषी, कायम घामेजलेला. काल सकाळी दूधवाला कॅन उतरवत असताना लंबूने उजवा हातमोजा काढला आणि त्याच्याशी हस्तांदोलन केलं. सोडेचना. दूधवाला आधी हसला, मग हात ओढायला लागला, मग गप्प उभा राहिला. लंबू तिथूनच शीळ घालत फाटकाबाहेर गेला. सामानही नेलं नाही.

आज दूध आलं नाही. दूधवाला गावातल्या दुकानाच्या पायरीवर पडला आहे, असं रखवालदार म्हणाला. माणूस कधी थेंबाला शिवला नव्हता.

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, लंबू आपला रुग्ण नव्हता, तेव्हा तो आपल्या आकड्यात येत नाही. आणि दूधवाला तर मुळीच नाही.

रविवार, १६ ऑक्टोबर

मावशींच्या खोलीत गेले. सुया न थांबवता त्यांनी सगळं सांगितलं. तलफ मरत नाही. एका अंगातून निघते आणि दुसऱ्या अंगात जाते. जाण्यासाठी अंग कोरं लागतं. भरल्या भांड्यात ती शिरत नाही, आणि ज्याच्यातून एकदा निघाली त्याच्यात परत उतरत नाही. म्हणून कोरी माणसं नोकरीला ठेवतात. हातमोजे आपल्यासाठी नसतात, समोरच्यासाठी असतात.

मावशी नवऱ्यासाठी इथे आल्या होत्या. नवरा बरा झाला, घरी गेला आणि दुसरं लग्न करून सुखात आहे. त्यांच्या अंगात आता किती जणांचं आहे ते त्या मोजत नाहीत. मी विचारलं, उतरवून का नाही टाकत? मावशी म्हणाल्या, "कुणावर टाकू? मला कुणाचा एवढा राग आलेला नाही."

मी मोजे घातले.

बुधवार, १९ ऑक्टोबर

बॅग भरली आणि डॉक्टरांना सांगायला गेले. ते रागावले नाहीत. मला खुर्ची दिली, पंखा वाढवला. माणूस व्यसनात का पडतो, तर दुःख, एकटेपण, रिकामे हात, बापाचं रक्त, हे सगळं त्यांनी शांतपणे समजावलं. सगळं खरं होतं. मग म्हणाले, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते चूक आहे. जाते. फक्त कुणाकडे तरी जाते. घरोघरी तेच चालतं, बाई. एक पितो आणि चार जण भोगतात. मी फक्त नीट वाटणी करतो."

मी उठले. तेव्हा ते सहज म्हणाले की अठ्ठावीसला खाट रिकामी होते आहे.

बॅग सोडली. कपडे पुन्हा कपाटात. दार लागत नाही ते नाहीच.

सोमवार, २४ ऑक्टोबर

आरोग्य खात्याचे साहेब आले. सोबत्यांना रांगेत उभं केलं, मोजे सगळ्यांना सारखे. साहेबांनी विचारलं, बरे किती झाले? सगळे. पुन्हा व्यसनाकडे किती वळले? एकही नाही. साहेब खूश. धोरण आखतो म्हणाले, प्रत्येक जिल्ह्यात असं एक केंद्र. यंत्र नको, औषध नको, लागतात फक्त निर्व्यसनी, सोशीक माणसं, आणि तशी घरोघरी असतात, विशेषतः बायका. सगळे हसले. सोबती कसे आहेत, ते कुणी विचारलं नाही. आम्ही कुठल्याच रकान्यात नाही.

साहेबांच्या श्वासाला दुपारच्या जेवणाबरोबर घेतलेल्या बिअरचा वास होता. मी दोन पावलं पुढे गेले. मावशींनी मागून माझा पदर धरला.

शुक्रवार, २८ ऑक्टोबर

धाकटा आला. खांद्यावरून सदरा ओघळत होता. मला पाहून रडला. म्हणाला, ताई, या खेपेला खरंच.

डॉक्टरांनी दुसरा सोबती देऊ केला. मी नाही म्हटलं. परक्याच्या गळ्यात आपलं का बांधायचं? आणि खरं सांगायचं तर मला दाखवायचं होतं. यांना पेलत नाही ते मला पेलतं, हे. मी त्याची ताई आहे.

टेबलाच्या खळग्यात कोपरं टेकली. लहानपणी शाळेत नेताना धरायची तसा त्याचा हात धरला. मुंग्या या वेळी खांद्याच्या वर गेल्या. कानात घंटा. दोघांची तलफ आधीच होती म्हणून मला भीती होती की शिरणार नाही. पण मी अजून भरले नव्हते. आता भरले.

त्याने डोळे उघडले, आणि म्हणाला, "ताई, मला भूक लागली गं." किती वर्षांनी.

बुधवार, २ नोव्हेंबर

धाकटा घरी गेला. दाढी केली होती, भांग पाडला होता. वळून हात केला. मीही केला, मोजा घातलेला. असा दिसायचा तो. विसरलेच होते.

एवढं पुरे आहे. याच्यावर मी राहीन. मन खंबीर असलं की—

खंबीर आहे.

रविवार, ६ नोव्हेंबर

औषधाच्या खोलीतलं स्पिरिट कुलपात आहे. मी पाहिलं. नुसतं पाहिलं.

मावशींना म्हटलं, डोकं दुखतं म्हणून त्या बाजूला गेले होते. धाकटाही असंच म्हणायचा, डोकं दुखतं. मी त्याला ताकाला जाऊन भांडं का लपवतोस म्हणायचे.

शुक्रवार, ११ नोव्हेंबर

जेवण जात नाही. अक्षर बघवत नाही, पेन्सिल दोन्ही हातांनी धरते. अंगात तिघं जण मागतात, तिघांचं मागणं वेगळं, आणि मला एकाचंही नाव—

ड्रायव्हरची बायको मिठाई घेऊन आली होती. तिचे हात उघडे. गुबगुबीत. मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले. राहिले. हे लिहून ठेवते, कारण मी राहिले.

रविवार, १३ नोव्हेंबर

धाकट्याचा फोन. कामावर जातो आहे. आईला उठवून बसवतो. चिंगीला घेऊन भेटायला येऊ का? मी नको म्हटलं. ओरडूनच म्हटलं. चिंगीचा आवाज मागून येत होता.

मावशी शेजारी उभ्या होत्या. माझ्या मोज्यांच्या मनगटाला त्यांनी लोकरीची गाठ मारून दिली. घट्ट. दातांनीच सुटेल अशी.

बुधवार, १६ नोव्हेंबर

फोन केला. मीच. म्हटलं, आण तिला. बघावंसं वाटतं. नुसतं बघायचंच आहे. मोजे आहेतच की—

बघायचं आहे. आत्या आहे मी तिची. मी वाढवली. माझा काही हक्क—

शुक्रवार, १८ नोव्हेंबर

परवा यायची आहेत. नाही म्हणून कळवते. आत्ता कळवते.

कळवलं नाही. उद्या.

शनिवार

आज जरा बरं आहे. परवा नाही, उद्याच येणार. उद्या म्हटल्यापासून बरं आहे. हे चांगलं लक्षण नाही, हे मला कळतं. पिणाऱ्याला दुकान दिसलं की—

मावशींना दुपारी बैठक आहे. त्या नसतील.

रविवार, २०

आली. लाल रिबिनी. धाकटा डॉक्टरांचे आभार मानायला वर गेला. म्हणाला, बस आत्याजवळ.

हिरवळीवर बाकावर दोघी. मी लिहिते म्हणून ती गप्प आहे. शहाणी. विचारते, आत्या, मोजे का? थंडी, म्हटलं. ती म्हणते, थंडी कुठे आहे?

नखं दाखवली. एकही कुरतडलेलं नाही. दहाच्या दहा. हात पुढे धरून बसली आहे, शाबासकी—

गाठ दातांनी सुटली.

धाकट्याची होती. त्याच्या लेकीने थोडी घेतली तर— लहान आहे, लहान अंगं लवकर सावरतात. थोडीशीच. निम्मीसुद्धा नाही. मग सोडणार. आज शेवटचं. आज एकदाच—

डावा हात तिच्या हातात आहे. किती उबदार आहे गं.

उजव्या हाताने लिहिते आहे. अक्षर बघ, सरळ यायला लागलं. ओळ वाकडी जात नाही. हिरवळीवर ऊन पडलं आहे, वाळत घातलेल्या चादरी हलत आहेत, जेवणघरातून फोडणीचा वास येतो आहे आणि मला भूक लागली आहे. खरोखरची भूक. आता सोडते. एवढी ओळ झाली की सोडते. ती हात ओढते आहे, पण हळूच, तिला कळत नाही आहे. तिकडून मावशी धावत येताना दिसतात, त्यांना या वयात इतकं धावता येतं हे मला माहीत नव्हतं. चिंगीने दुसऱ्या हाताचं बोट तोंडात घातलं आहे. ती म्हणते, आत्या, मला काहीतरी हवंय. काय हवंय म्हटलं. ती म्हणते, ते मला ठाऊक नाही, पण आत्या, आत्ताच्या आत्ता मला—