आत्याच्या भोपळ्याची बोली

अण्णा,

या रविवारी चर्चमध्ये आत्याला प्रभुभोजन मिळालं. हे आधी तुम्हाला सांगायला हवं, कारण तिचं ते बंद केलं होतं तुम्हीच. बायको जिवंत असलेल्या निलंग्याच्या माणसाबरोबर ती राहायला गेली, तेव्हा चर्चच्या मंडळीचे वडील म्हणून तुम्ही उभे राहून तसा ठराव सांगितलात. सख्खी बहीण म्हणून आवाज जरासुद्धा खाली आला नाही, असं आई सांगायची. पुढे तो माणूस वारला, आत्या जळकोटला परत आली आणि दर रविवारी चर्चमध्ये दाराजवळ, चपलांच्या शेजारी बसू लागली. प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट जवळ आलं की ती मान खाली घालून ते पुढच्या बाईकडे द्यायची. ते ताट मी लहानपणापासून तिच्यापुढून जाताना पाहत आले.

आणि मला हंगामाच्या सणाचा तो दिवस आठवतो. मी सातवीत असेन. उपासना संपली आहे, लोकांनी देवाला आणलेलं धान्य, कोंबड्या, केळीचे घड असं सगळं अंगणात मांडलं आहे, आणि लिलाव चालू आहे. आत्याने कुंपणावरच्या वेलाचा लाल भोपळा आणला आहे. तो वर उचलला जातो आणि अंगण गप्प होतं. लिलाव करणारे काका म्हणतात, "आरं बोला की. भोपळा हाय, साप न्हाई." तरी कोणी बोलत नाही. मग मागून तुमचा आवाज येतो, "वीस." काका एक बार, दोन बार म्हणतात आणि तुम्हीच परत म्हणता, "तीस." लोक हसायला लागतात. काका म्हणतात, "अण्णा, समोर कुणीच न्हाई. सोताच्याच बोलीवर चढून राहिले की तुम्ही." तुम्ही हसत नाही. "चाळीस," म्हणता. आत्या दारातून बघते आहे.

त्या संध्याकाळी आईने त्याची भाजी केली. तुम्ही दोनदा मागून घेतलीत आणि आत्याचं नाव काढलं नाहीत. पुढच्या महिन्याच्या प्रभुभोजनाला ताट तिच्यापुढून तसंच गेलं.

त्याच सुमारास तुम्ही मला बायबलमधली सदोम या पापी शहराची गोष्ट सांगितलीत. देव ते जाळायला निघाला आहे आणि अब्राहाम त्याला अडवतो. पन्नास नीतिमान असले तर शहर सोडशील? पंचेचाळीस असले तर? असं करत तो दहावर येतो. मला तो आपल्या अंगणातला लिलाव वाटला, फक्त उलटा. मी विचारलं, "अण्णा, तो एकावर का नाही आला?" तुम्ही एकदम रागावलात. देवाशी एवढी हुज्जत बरी नाही म्हणालात आणि पुस्तक मिटलंत. पण पुढे लातूरला शिकताना, आणि आता तिथेच शाळेत शिकवताना, खोलीवर एकटी असले की तो प्रश्न येऊन बसतो. ज्याने निकाल द्यायचा तोच अब्राहामाचं ऐकत थांबला, म्हणजे त्यालाही आकडा खाली यायला हवाच होता का? आपल्या घरात हे बोलायला तुमच्याशिवाय कोणी नव्हतं. तुम्ही गेलात तेव्हा मी अकरावीत होते. माझी पदवी तुम्ही पाहिली नाहीत. आता आईही नाही.

गेल्या महिन्यात मी जळकोटला आले असताना मंडळीची बैठक झाली. चर्चचे नवे पाळकसाहेब आत्याला पुन्हा प्रभुभोजनाच्या मेजावर घ्यायला तयार होते, पण जुनी माणसं अडून बसली. अण्णांचा शब्द, तो अण्णाच मोडू शकतात, म्हणाली. मग लिलाववाले काका माझ्याकडे वळले. "तू शेवटी दवाखान्यात होतीस. काही म्हणले का ते?"

तुम्ही पाणी मागितलं होतंत. खिडकी लावायला सांगितली होती. बाकी काही नाही.

मी म्हणाले, "हो. तिला मेजावर घ्या, म्हणाले."

वर्गात मुलांना खरं बोला म्हणून सांगणारी मी, अण्णा, अडखळलेही नाही. काकांनी डोळे पुसले. तुमचा जुना ठराव उठवला गेला.

रविवारी ताट आत्याजवळ आलं तेव्हा सवयीने ते पुढे द्यायला तिचे हात उचलले गेले. शेजारच्या बाईने ते हलकेच तिच्याकडे वळवलं. तिने तुकडा घेतला आणि बराच वेळ नुसता तळहातावर ठेवला.

बाहेर चपला घालताना तिने माझा दंड धरला. "खरंच म्हणला का गं त्यो?"

"हाव," मी म्हणाले.

"मंग मला का न्हाई म्हणला?" असं म्हणाली आणि हसली. नंतर रस्ताभर तुमच्या लहानपणाचंच सांगत राहिली.

हे पत्र तिला कधी दिसता कामा नये, आणि दुसरं कोणी ते वाचावं असं उरलेलं नाही. चाळीसवर तुम्ही थांबलात, तिथून पुढची बोली मी तुमच्या नावाने लावली, असं मी स्वतःला समजावते. दिवसा ते पटतंही. पण आत्याने विचारलं ना, खरंच म्हणला का, तेव्हा मलाही कोणाचा तरी दंड धरून तेच विचारायचं होतं.