सातच्या पोटातली रेघ

सदस्य निवास, खोली क्रमांक ३१
मंगळवार, १४ मार्च

चि. बारक्या यास ताईचे अनेक आशीर्वाद.

बारक्या म्हणायला हल्ली तुझं पोट आडवं येतं, पण चाळीस वर्षांची सवय कुठे सुटते? इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा बरा आहे, कुरकुर मात्र तेवढीच. चष्मा डोक्यावर ठेवून खोलीभर शोधते आणि सापडला की मलाच ओरडते. हे पत्र वहिनीच्या भावाच्या हाती देते आहे. उत्तर द्यायचं तर त्याच्याच हाती दे. फोन करू नकोस.

माझं विधेयक निघाल्याची बातमी तुला कळलीच असेल. अकरा वर्षं मी विरोधी बाकावरून दर अधिवेशनाला तीच तीन विधेयकं देते आहे, त्याच क्रमाने. धरणांच्या तपासणीचे अहवाल लोकांना खुले करा, हे पहिलं. मग सफाई कामगारांना कायम करण्याचं, आणि खेड्यातली शाळा बंद करण्याआधी गावाला विचारण्याचं. आमच्यासारख्यांच्या विधेयकांच्या चिठ्ठ्या टाकतात आणि माझी चिठ्ठी काही केल्या निघायची नाही. उपाहारगृहातला वाढपीसुद्धा चिडवायचा, "ताई, आलं का तुमचं धरण?" या खेपेला आलं, तेही पहिल्याच चिठ्ठीला. मी लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या.

गेल्या शुक्रवारी बोलायला उभी राहिले. पंधरा मिनिटं मिळाली आणि समोरच्या बाकांवरून कुणी चकार शब्द काढला नाही. एरवी मी "अध्यक्ष महोदय" म्हणायच्या आत गलका सुरू होतो. मला वाटलं, शेवटी ऐकतायत बाबा. तिथेच मला शंका यायला हवी होती.

हे पत्र मी चौथ्यांदा लिहिते आहे. तीन फाडली, कारण तिन्हीत आईच्या गुडघ्याच्या पुढे जाता येईना. आता लिहूनच टाकते.

तू पाठवलेला कागद, धरणाच्या पोटातल्या बोगद्यात तू मोजलेल्या झिरपीचे खरे आकडे आणि शेजारी तुमच्या साहेबांनी वर पाठवलेले आकडे, तो मी माझ्या हाताने उतरवून घेतला होता. वाचला तो माझाच कागद. तुझं नाव, तुझं खातं, काही काही बोलले नाही. पण आमच्याकडे एक रीत आहे. भाषण संपलं की टेबलाशी बसलेले लघुलेखक चिठ्ठी पाठवतात, आकडे ताडून बघायला कागद द्या म्हणून. अकरा वर्षं देते आहे. न बघता फाइलमध्ये हात घातला आणि दिला.

खोलीवर येऊन फाइल उघडली, तर माझा कागद तिथेच होता. तुझा गेला होता.

तशीच आल्या पावली लघुलेखकांच्या खोलीत गेले. तिथला म्हातारा कारकून मला पहिल्या दिवसापासून ओळखतो. मान खाली घालूनच म्हणाला, "कागद पडताळणीला वर गेलाय, ताई. बसा, चहा घ्या." अकरा वर्षांत त्याने मला कधी चहा विचारला नव्हता.

काल जिन्यात तुमच्या खात्याचे मंत्री भेटले. हसतमुख माणूस. आईची चौकशी केली. मग म्हणाले, "अक्षर सुरेख आहे हो त्या कागदावरचं. इंग्रजी सातच्या पोटात आडवी रेघ. आमच्या खात्यात असा सात एकच जण काढतो म्हणे." पुढे म्हणाले, "शुक्रवारी विधेयक मागे घ्या. मग काय, आम्हाला सगळी अक्षरं सारखीच दिसतात." आणि जाताना, "त्यांचा क्वार्टर धरणाच्या अगदी पायथ्याशी आहे ना? काळजी घ्यायला सांगा."

बारक्या, मला तुझी माफी मागायची आहे. तू विश्वासाने दिलंस आणि मी आंधळ्यासारखी हातातून घालवलं. शुक्रवारपासून अन्न गोड लागत नाही. विधेयक मागे घ्यायचंही मनात आलं, खोटं कशाला सांगू? पण मग तुझे आकडे कुणी वाचायचे? त्या पाण्याखाली तुझी दोन पोरं झोपतात आणि तुझ्यासारखी चार हजार घरं.

सातच्या पोटात रेघ काढायला आपल्याला बाबांनी शिकवलं, त्याचा कुणी एक करू नये म्हणून. दोघांनाही शिकवलं, हे मंत्र्यांना ठाऊक नाही. आणि शाळेत मास्तर तुला शंभर ओळींची शिक्षा द्यायचे, तेव्हा त्या तुझ्या अक्षरात कोण लिहायचं, हे तर मास्तरांनाही कधी कळलं नाही.

आता या पत्राचं अक्षर नीट बघ. वहिनीला दाखव. ती म्हणेल, हे तुम्हीच लिहिलंय.

शुक्रवारी विधेयक मी मागे घेणार नाही. उभी राहून सांगणार आहे की कागद माझ्या हातचा आहे. मागे विधिमंडळाच्या समितीबरोबर बोगद्यात उतरले होते, तेव्हा आकडे मीच टिपले, असंही सांगेन. पाहिजे तर इथेच फळ्यावर लिहून दाखवते म्हणेन. सभागृहात खोटं बोलण्याची शिक्षा काय असते ते मला पाठ आहे. ते नियम मीच नव्या सदस्यांना शिकवते.

झिरपीच्या नोंदींची तुझी वही आजच नष्ट कर आणि हे पत्रही. कुणी विचारलं तर, "अक्षर ताईचं आहे" एवढंच. दारासमोर कुणी गाडी लावून बसलं असेल तर सवयीने पाणी विचारायला जाऊ नकोस. आणि गुरुवारीच पोरांना घेऊन वहिनीच्या माहेरी जा, ते गाव उंचावर आहे. आईला मी काही सांगितलेलं नाही. मी घरी आले नाही तर तिचा चष्मा डोक्यावर असतो, एवढं लक्षात ठेव.

तुझ्या वाटच्या ओळी आजवर लिहीत आलेली,
ताई