तयारीचे गुणाकार

६ फेब्रु. २०१५, अमरावती
नफीसाची तोंडी परीक्षा अर्ध्यात थांबवली. नागपूरच्या त्या दीडशहाण्या परीक्षकानं! बाळापूरची ही पोरगी माझी शेवटची विद्यार्थिनी; मी निवृत्त झाले नि देशमुखच्या हाती गेली. सहा वर्षं राबली. विषय मोबाइलच्या लहरींचा: चार अँटेना एकदम बोलतात, पलीकडे सगळं कालवून पोचतं. कोण काय बोललं हे ओळखायला पासष्ट हजारांवर जोड्या तपासा. हिनं निरुपयोगी फांद्या आधीच छाटून ते काम काही शेकड्यांवर आणलं. आणि हा विचारतो, ‘छाटणीआधीच्या तयारीचे गुणाकार कुठे मोजलेत?’ मूर्ख. तयारी, म्हणजे लहरींच्या वाटेचं गणित, एकदाच करायची असते.

७ फेब्रु.
देशमुखचा फोन. ‘मॅडम, तुमी काहून टेन्शन घेऊन राहिल्या? पुढच्या शनिवारी उरलेली परीक्षा, नागपूरच्या साहेबाले मस्त जेवू घालतो. सही होऊन जाते.’ हा विभागप्रमुख!
नफीसा शिकवते त्या अकोल्याच्या कॉलेजनं तिला मार्चपर्यंत मुदत दिलीय. दोन वर्षं कापूस गेला, खेड्यातली मुलं फी भरून येत नाहीत, वर्ग ओस. पीएच.डी. नसलेले आधी घरी.

१० फेब्रु., अकोला
बडनेऱ्याहून पॅसेंजर. परीक्षकाच्या तोंडावर मारायचं उत्तर नफीसाला फोनवर सांगत होते. मूर्तिजापूरच्या पुढे आवाज तुटला. पुन्हा लावला, पुन्हा तुटला. शेजारचे गृहस्थ: ‘बाई, खिडकीपाशी जाऊन बोला.’ खेकसले त्यांच्यावर. मग खिडकीबाहेर बघितलं.
गाडी पळतेय. लहरींची वाट क्षणाक्षणाला बदलतेय. वाट बदलली की तयारी पुन्हा. दर वेळी. बत्तीस वर्षं शिकवलं, आणि…

दुपारी नफीसाकडे. प्रबंधातलं गृहीतकांचं पान काढलं. ‘फोन स्थिर आहे.’ माझ्या टिपणवहीतलं वाक्य, स्वल्पविरामासकट. आमच्या विभागात हे पान मागच्या प्रबंधातून पुढच्यात उतरतं. वाचत कुणी नाही. सुरुवात माझी.
‘तुमचं होतं मॅडम, म्हणून तपासलंच नाही मी.’ तक्रारीचा सूरही नाही.
दोघींनी नव्यानं मोजलं. चार अँटेनांची बचत निम्म्यावर. दोन अँटेनांचं तर पार पालथं: सगळ्या जोड्या तपासलेल्या परवडल्या.
कॉन्व्हेंट शाळेत गणिताच्या सिस्टर हातचे लिहून दाखवले नाहीत की अख्खं पान खोडायला लावायच्या. किती शिव्या दिल्या मनात त्यांना.

१२ फेब्रु.
परीक्षकाला पत्र लिहिलं. चूक माझी, मुलीची नाही. नफीसाला फोनवर वाचून दाखवलं.
‘नका पाठवू. प्रबंध सुधारून आणा म्हणतीन. सहा महिने गेले. मार्चात मले काढतीन.’
‘मग बचतीचा जुनाच तक्ता दाखवणार? खोटा?’
‘मी असं म्हणलं का मॅडम? पण पत्र तुमचं, नोकरी माही. आता तरी माहं मले ठरवू द्या.’
माझ्याशी असं कुणी बोलत नाही. फोन आपटला. पत्र पर्समध्येच आहे.

१४ फेब्रु., शनिवार
विभागात पोचले. स्वयंपाक्याची भांडी आधीच आलेली. देशमुख दारात: ‘मॅडम, आज तुमी काही बोलू नका बरं.’ त्याला बाजूला सारलं. नागपूरचा तो समोर बसलाय, माझ्याकडे बघून मान लववली. मी नाही लववली. अजून.
नफीसाच्या फाइलमध्ये जुना नि नवा, दोन्ही तक्ते आहेत. कोणता दाखवणार, विचारलं नाही. मी मागच्या बाकावर, जुनी टिपणवही मांडीवर. ती उठली. फाइल उघडतेय.