‘वावटळ’ झुला थांबवण्याची विनंती कोणत्या रीतीने करावी, याबाबत

प्रति,
मा. मुख्य निरीक्षक,
झुले व करमणूक यंत्रे सुरक्षा कार्यालय,
दुसरा मजला, जिन्याशेजारची खोली.

विषय : ‘वावटळ’ झुल्यावरील अपघाताच्या चौकशी अहवालातील एक वाक्य दुरुस्त करून मिळणे, आणि झुला थांबवण्याची विनंती कशी केली असता ती ग्राह्य धरली जाते, हे लेखी कळवणे.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचा चौकशी अहवाल, पान चौथे, शेवटचा परिच्छेद.
२) आपल्यासमोर झालेली माझी सुनावणी.
३) उद्यानाने माझ्याविरुद्ध आपल्याकडे दिलेली तक्रार.

महोदय,

खाली सही करणारी मी, ‘वावटळ’ झुल्यावरून पडून वारलेल्या मुलीची आई. माझे वडील कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देत. अर्जात रडू नये, मुद्दे घालावेत, असे ते सांगत. म्हणून मुद्दे घातले आहेत. मध्येच कुठे तोल गेला तर तो माझा समजावा, वडिलांच्या शिकवणीचा नव्हे.

१. आम्ही उद्यानात काय काम करत होतो, ते आपल्या अहवालात ‘कौटुंबिक वातावरणनिर्मिती’ या शब्दांत आले आहे. साध्या भाषेत सांगायचे तर, रिकाम्या झुल्यात कोणी बसत नाही. ‘गर्दीला गर्दी लागते, ताई,’ असे व्यवस्थापकसाहेब म्हणत. त्यासाठी उद्यान एक कुटुंब पगारावर ठेवते. ते सहलीला आल्यासारखे दिसायचे, झुल्यात बसायचे, मजा करायची, आणि त्यांची मजा बघून बाकीच्यांनी तिकीट काढायचे. ते कुटुंब म्हणजे आम्ही. माझे पती पिशव्या सांभाळत बाकावर बसून जांभया देत. हे काम त्यांना कोणाला शिकवावे लागले नाही. मुलगी झुल्यात बसून ओरडे. मी खाली उभी राहून काळजी करी.

मुलीला सगळे उद्यान ‘भोंगा’ म्हणे. आवाजच तसा होता. न्हाणीघरातून तिने टॉवेल मागितला की खालच्या मजल्यावरचा इस्त्रीवाला ‘आणतो गं!’ म्हणून ओरडायचा. शाळेत या आवाजापायी तिने पुष्कळ बोलणी खाल्ली. उद्यानात त्याच आवाजाचे कौतुक झाले, म्हणून ती सुट्टीची वाट बघे. मलाही हे काम आवडत होते, खोटे कशाला लिहू?

२. आता माझ्या कामाची पद्धत, कारण सगळे घोडे तिथेच पेंड खाते आहे. झुला पुरता वर गेला की मुलीने दोन्ही हात उंच करून किंचाळायचे. त्यावर मी रांगेतून धावत सुटायचे, एक चप्पल वाटेत पायातून जाऊ द्यायची, चालकाच्या केबिनच्या काचेवर दोन्ही तळहात आपटायचे आणि म्हणायचे, ‘थांबवा हो, थांबवा, माझी पोर आहे वर!’ चालकाने मान हलवायची, मिशीला पीळ द्यायचा आणि झुल्याला आणखी एक फेरी द्यायची. लोक पोट धरून हसत. ज्यांचे बसू की नको चाललेले असे, तेही तिकिटाच्या खिडकीकडे वळत. ही सगळी बसवाबसव व्यवस्थापकसाहेबांची. चालकाला मुलगी ‘मामा’ म्हणे, म्हणून पुढे त्यांना मामाच लिहिते.

३. अपघाताच्या दिवशी झुला वर गेला आणि मुलीच्या मांडीवरच्या दांड्याचा खटका निसटला. मला तो दांडा तिच्या खांद्याशी उभा राहिलेला दिसला. तिचे हात वर नव्हते. दोन्ही हातांनी तिने बाकाची कड धरली होती, आणि ती ओरडत होती. मी धावले. चप्पल गेली. काचेवर हात आपटले. ‘थांबवा हो, थांबवा, माझी पोर आहे वर!’ हेच म्हणाले. माझ्या तोंडाला त्या जागी हेच शब्द बसलेले होते, दुसरे आले नाहीत. मामांनी मान हलवली, मिशीला पीळ दिला आणि आणखी एक फेरी दिली. एका गृहस्थाने आपल्या लेकराला मी नीट दिसावे म्हणून खांद्यावर घेतले. पुढचे आपल्या अहवालाच्या दुसऱ्या पानावर आहे. ते मी पुन्हा लिहीत नाही.

मामांविरुद्ध माझी तक्रार नाही. त्यांना कामावरून काढले, हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. ते संध्याकाळी आमच्या दाराशी येऊन बसतात. माझे पती त्यांच्या शेजारी बसतात. दोघे समोरच्या भिंतीकडे बघतात. त्यांनी मिशी काढून टाकली आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी मी त्यांना ओळखलेच नाही. खटका झिजला होता हे आपला अहवालही मान्य करतो. तो बदलला गेला, तेही ठीक. माझे म्हणणे वेगळे आहे.

४. अहवालातील वाक्य असे : ‘सदर प्रसंगी मातेने नेहमीप्रमाणे विनोदी अभिनय केला, झुला थांबवण्याची विनंती कोणाकडूनही प्राप्त झाली नाही.’ याऐवजी ‘आईने झुला थांबवा असे सांगितले, झुला थांबवला नाही,’ एवढे करून मिळावे. हा माझ्या मानापमानाचा प्रश्न नाही. याच वाक्याच्या आधाराने झुला पुन्हा चालू करायला परवानगी मिळाली आहे. विनंती आलीच नव्हती, म्हणजे विनंती आल्यावर काय करावे याचा नियमही नको, असे आपल्या लोकांनी धरले. उलट ‘सुरक्षाविषयक सुधारणा’ या सदराखाली केबिनला जाड काच बसवल्याची नोंद आहे, म्हणजे हात आपटल्याने चालकाचे लक्ष विचलित होणार नाही. हे वाचून मी अहवाल मिटला.

५. सुनावणीत आपण मला खुर्ची दिली, पाणी दिले, आवाज चढवला नाही. त्याबद्दल आभारी आहे. नंतर आपण म्हणालात की नेहमीचे हात आपटणे आणि त्या दिवशीचे हात आपटणे यांत फरक होता, तर तो समितीला करून दाखवा. मी आपल्या फायलींच्या कपाटाच्या काचेवर दोन्ही करून दाखवले. दारातला शिपाई पहिल्यांदा हसला आणि दुसऱ्यांदाही हसला. समितीच्या सदस्यांनी आपसात कुजबुज केली आणि कारकुनाने लिहून घेतले, ‘दोहोंत फरक आढळून आला नाही.’ उठताना एक सदस्य मला म्हणाले, ‘तुमच्या अंगात कला आहे हो, बाई.’ हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

याबाबत माझे म्हणणे नोंदवून घ्यावे. त्या खोलीत मी दोन्ही वेळा अभिनयच केला. त्या दिवशीचे हात आपटणे करून दाखवता येत नाही. त्यासाठी वर मूल लागते. फरक आढळला नाही तो यामुळे.

६. गर्दीतल्या एकाने त्या दिवशी मोबाइलवर चित्रण केले होते. ते पुराव्यात घ्यावे असा अर्ज मी आधीच दिला होता. त्यावर आपले उत्तर आले की चित्रणात लोकांचे हसणे स्पष्ट ऐकू येते, त्या अर्थी धोका कोणाच्याही लक्षात येण्याजोगा नव्हता. बरे. पण पुराव्यात न बसलेले ते चित्रण वाया गेलेले नाही, हे आपल्या निदर्शनास आणून देते. उद्यानाने आमच्या जागी दुसरे कुटुंब घेतले आहे. व्यवस्थापकसाहेब त्यातल्या आईला सरावासाठी तेच चित्रण दाखवतात. शेवटचा भाग तेवढा कापला आहे. ‘बघा, असा जीव ओतून करायचा,’ असे ते तिला सांगतात. तिकिटाच्या खिडकीवरची मुलगी हे मला सांगताना रडली. मला त्या वेळी रडू आले नाही, राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

७. आता उद्यानाची तक्रार. आपल्या कार्यालयाने सुट्टीसाठी जे पत्रक काढले आहे, त्यात हे उद्यान ‘थरार आणि कौटुंबिक आनंद यांसाठी आवर्जून भेट द्यावी’ अशा उद्यानांत आहे. मुखपृष्ठावर जे हसणारे कुटुंब आहे ते आमचे. आपल्याच शिफारशीवरून मी तिकीट काढून आत गेले, तेव्हा का गेलात असे मला कोणी विचारू नये.

मी ‘वावटळी’समोर रांगेत उभी राहिले. झुला वर गेला. नव्या मुलीने दोन्ही हात उंच केले आणि ती किंचाळली. आवाज आमच्या भोंग्याइतका नाही, पण चांगला आहे. नवी आई धावली, चप्पल सुटली, तिने काचेवर हात आपटले. हात वर आहेत, म्हणजे वर सगळे ठीक आहे, हे त्या गर्दीत माझ्याइतके कोणाला कळत होते? तरी माझे पाय निघाले. मी केबिनच्या दुसऱ्या बाजूच्या काचेवर हात आपटू लागले. नव्या चालकाने एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले, आणि लोकांची हसून हसून मुरकुंडी वळली तेव्हा त्याने खूश होऊन दोन फेऱ्या जास्त दिल्या. नवी आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘बाई, माझ्या पोटावर का पाय देता?’ मग रखवालदारांनी मला दंडाला धरून बाहेर काढले.

‘करार नसताना उद्यानाच्या आवारात अभिनय केला,’ असा माझ्यावर ठपका आहे. माझा खुलासा एका ओळीचा आहे : मी अभिनय केलेला नाही. हा खुलासा आपल्याला पुरेसा वाटणार नाही, याची मला कल्पना आहे. आगीतून उठून फुफाट्यात पडलेल्याला आता भाजण्याचे भय राहिलेले नाही.

८. त्यानंतर मी उद्यानाच्या फाटकाबाहेर नव्या आईची वाट बघत थांबले. तिला सगळे सांगितले. आधी ती दुसरीकडे बघत होती, नंतर माझ्याकडे बघू लागली. तिची मुलगी शेजारी उभी राहून लिमलेटची गोळी चघळत होती. ऐकून झाल्यावर तिने एकच विचारले, ‘मग ताई, खरंच काही झालं, तर मी काय करू?’

महोदय, ओरड, म्हणावे, तर ती रोज ओरडतेच. काचेवर हात आपट, म्हणावे, तर काच जाड झाली आहे. रड, म्हणावे, तर व्यवस्थापकसाहेबांनी या आठवड्यापासून तिच्या कामात रडणेही घातले आहे, लोकांना ते फार आवडते. चालकाच्या पाया पड, म्हणावे, तर ते लोकांना त्याहून आवडेल. ती उत्तरासाठी थांबली होती. मी ‘साहेबांना विचारून सांगते’ म्हटले आणि घरी आले.

म्हणून हा अर्ज. वर मुद्दा चारमध्ये मागितलेली दुरुस्ती आपल्या नियमांत बसत नसेल, तर राहू द्यावी. माझ्याविरुद्धच्या तक्रारीत आपण द्याल तो निर्णय मी मान्य करीन. पण आपण या यंत्रांचे जाणकार आहात, आणि झुला कधी चालवावा, कधी थांबवावा हे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे आहे. तरी आईने कोणते शब्द वापरावेत, आवाज किती ठेवावा, हाताने काय करावे, म्हणजे ती विनंती प्राप्त झाली असे धरले जाईल, तेवढे आपण लिहून द्यावे. मी ते तिच्याकडून जसेच्या तसे पाठ करून घेईन.

उत्तर लवकर यावे. तिची मुलगी रोज सकाळी वर जाते.

आपली, अजून तरी नम्र,
(सही)
अर्जदार, मुलीची आई

दिनांक : ९ मे

सोबत : १) अहवालाच्या चौथ्या पानाची प्रत.
२) सुट्टीचे पत्रक, मुखपृष्ठासह.
३) उत्तरासाठी माझा पत्ता लिहिलेले पाकीट.