पाण्याची खिडकी

१० एप्रिल १९५७
आज रुजू झालो. देवाची कृपा. नव्या पोलाद कारखान्याकडे रूळ टाकणाऱ्या मजुरांच्या गँगला पाणी पाजायचे काम. राहायला रुआबांधा गावापलीकडचे बंद स्टेशन. इथे सात वर्षांपासून गाडी थांबत नाही, असे मुकादम दौलतराव म्हणाले. स्टेशनमास्तर झालात, आता टोपी तेवढी शिवून घ्या, म्हणून हसले. फलाटावर कडुलिंब आहे, विहिरीचे पाणी गोड आहे. जुन्या पाणीवाल्याची खोली मला दिली, तिला फलाटाकडे खिडकी. तहानलेल्याला पाणी देणे ही पूजाच. पन्नाशीला आलो तेव्हा असे काम मिळाले.

१३ एप्रिल
आपल्या लोकांना लोटा देतो. मागच्या वर्षी जे बौद्ध झाले, त्यांना वरून ओंजळीत. गावी असेच पाहत आलो. कोणी काही म्हणत नाही. त्यांच्यातली पंचफुला मात्र खिडकीशी येतच नाही. दोन मैलांवरून आपले मडके आणते.

१९ एप्रिल
भर दुपारी बारा. गँग जेवायला गेलेली. खिडकीशी ओंजळ आली. बाईचे हात, मनगटावर विंचू गोंदलेला. मी सवयीने वरून धार धरली. बोटे थरथरत होती, जुळत नव्हती. बादली संपली तरी ओंजळ भरली नाही, आणि खालची फरशी कोरडी. बाहेर जाऊन पाहिले. फलाटावर कोणी नव्हते.

२२ एप्रिल
रोज येते, बाराला. आज पंचफुलाला त्या विंचवाबद्दल विचारले. तिने डोक्यावरचे टोपले खाली ठेवले. तो तिच्या मायच्या, रुक्माच्या हातावर होता. माय तापाने फणफणत इथे गाडीतून उतरली. ओंजळ जुळेना, म्हणून लोटा मागितला. पाणीवाला म्हणाला, ओंजळ धर. ती या खिडकीखालीच तहानेने गेली.
मी म्हणालो, निर्दय माणूस असेल.
पंचफुला म्हणाली, “नाही जी. रोज पूजा करे. तुमच्यावानीच होता. चांगला.”

२३ एप्रिल
लोटा द्यायचे ठरवले होते. हात आले. मी लोटा उचलला आणि वरून धरला. हाताने ऐकले नाही, असे लिहिणार होतो. ते खोटे. मलाच द्यायचा नव्हता.

२५ एप्रिल
आज दिला. डोळे मिटून. पिण्याचा आवाज — खूप वेळ. लोटा परत आला. मी राखेने घासला. तीनदा. मग लक्षात आले, काय करतो आहे ते —
संध्याकाळपासून माझ्या घशाखाली पाणी उतरत नाही. ओठांशी येते आणि नसते.

२६ एप्रिल
विहिरीचे नाही. माठातले नाही. जीभ सुजली. नाव घेता येत नाही — देवाचे —

२७ एप्रिल
बारा. हात आत आले. आज लोटा त्यांच्याकडे. भरलेला. काठावर तिच्या ओठांची ओल.
“घ्या जी. प्या.”
मी ओंजळ पुढे केली. वरून ओतेल म्हणून. एवढी तहान, तरीही — ओंजळच.
ती ओतत नाही. लोटा तसाच धरून आहे. घ्यायला फक्त हात पुढे करायचा —