लिननचं चिलखत

जलीब अल शुयूख, कुवेत
शुक्रवार, १४ मे २००४

प्रिय आफिया आपा,

रबियाचा सलाम. आम्ही सगळे खुशाल आहोत, असं हाताच्या सवयीने लिहिते. पुढचं वाचून काय ते तुम्हीच ठरवा. तुमचे गुडघे कसे आहेत? शाळेला सुटी लागली असेल, आता तरी थोडं बसत जा. तुमचे भाऊ कामावर आहेत. यासिर आठवीत गेला. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देतो आणि मला काही कळत नाही असं समजून माझ्यासमोरच माझी तक्रार करतो. मला सगळं कळतं.

त्याच्या शाळेत इतिहासाचं प्रदर्शन झालं. इथल्या फैलका बेटावर फार पूर्वी ग्रीक लोक राहायचे. म्हणून त्याच्या सुमनबाईंनी, पुण्याच्या आहेत त्या, ग्रीकांची आणि रोमनांची हत्यारं करायचं ठरवलं. मुलांनी भाले केले. ग्रीकांच्या भाल्याला वर लोखंडाचं पातं आणि खाली ब्राँझचा खिळा असायचा. तो जमिनीत रोवून ठेवायचे, ब्राँझ गंजत नाही ना. रोमनांचा फेकायचा भाला तर मुद्दाम मऊ लोखंडाचा, लागला की वाकायचा, म्हणजे शत्रूला उचलून परत फेकता येऊ नये. लोकांनी एकमेकांना मारायला किती डोकं चालवलंय, आपा!

मी पडले शिवणकाम करणारी, म्हणून चिलखत माझ्या गळ्यात आलं. मी म्हटलं, “बाई, ते लोहाराचं काम.”

“ब्राँझचं लोहाराचं,” बाई म्हणाल्या. “पण पुष्कळ सैनिक कापडाचं घालायचे. लिननचं, थरावर थर.”

जवसाच्या झाडाचा धागा तो. जुनं एकही चिलखत आज उरलेलं नाही, कापड कुजून जातं. मडक्यांवरची चित्रं बघून सगळा अंदाज. थर चिकटवायचे की शिवायचे, यावर मोठमोठ्या विद्वानांची भांडणं चालू आहेत म्हणे. मी म्हटलं, त्यांच्यात एक शिंपीण बसवा, मिटेल. बाई खूप हसल्या.

आधी मैद्याची खळ लावून पाहिली, तर वाळल्यावर पापडासारखं तडकलं. मग सुताराकडून सरस आणला, जनावराच्या कातड्याचा. तो उकळायला ठेवला तेव्हा यासिर नाक धरून घराबाहेर पळाला. एक थर पसरायचा, सरस चोपडायचा, वर दुसरा थर, दाबून गच्चीवर उन्हात. इथल्या उन्हाचा कधी नाही तो उपयोग झाला. तयार झालं तेव्हा माझी मोठी कात्री त्यात शिरेना, काखेचा आकार करवतीने कापावा लागला.

मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीतल्या एका पालकांनी तांब्यात थोडं कथील घालून बाणाची टोकं ओतून आणली होती. पीटीच्या सरांनी चिलखत वाळूच्या पोत्याला बांधलं आणि बाण सोडला. तो रुतला, पण आरपार गेला नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र धावत जाऊन आत हात घातला आणि शेवटचा थर चाचपत राहिले. तो कोरा होता. मला रडूच फुटलं, सगळ्यांसमोर. बाईंना वाटलं, मेहनत सार्थकी लागली म्हणून.

आपा, तुमचे भाऊ इराकात जातात.

मार्चपासून. सैन्याचं सामान भरलेले ट्रक सरहद्दीपलीकडे न्यायचे. जो जाणार नाही त्याचा अकामा पुढे वाढवणार नाही, असं कफीलने, म्हणजे त्यांच्या इथल्या मालकाने, सांगितलं. अकामा नाही म्हणजे इथलं राहणं संपलं. “आपाला काय बोलू नको हां,” असं मला बजावलंय. गेल्या महिन्यात त्यांच्या पुढच्या ट्रकवर गोळ्या आल्या. तो ड्रायव्हर परत आला नाही.

कंपनीने एक जाकीट दिलंय, गोळी अडवणारं. प्रदर्शनानंतर बाईंनी सांगितलं, की आजची ही जाकिटंही आतून कापडाचीच असतात, खास धाग्याची, थरावर थर. तुमचे भाऊ घरी आल्यावर मी त्यांच्या जाकिटाची एक शिवण उसवली. शिंपिणीला आतलं बघितल्याशिवाय राहवतं का? आत स्पंज निघाला, आपा. गादीत घालतात तो.

मी त्यांना दाखवला. म्हणाले, “माहीत होतं मला. परत शिवून टाक.”

मी शिवलं नाही. स्पंज काढून फेकला आणि उरलेल्या लिननचे थर चिकटवून आत बसवले. लिनन बाणासाठी आहे, गोळीसाठी नाही, एवढं मला कळतं. पण हातांना काहीतरी करायला हवंच होतं. मला वाटलं, हे माझी टिंगल करतील. तुम्हाला माहीत आहेत ते, मय्यतीतसुद्धा कुणाला तरी हसवतील. काल पहाटे त्यांनी ते जाकीट अंगात चढवलं, बंद नीट बांधून घेतले आणि गेले. हसले नाहीत.

तेव्हापासून मला भीती वाटतेय. आपा, ते स्वतःसुद्धा घाबरलेत.

मी सांगून ऐकत नाहीत. ‘आपाने आईसारखं वाढवलं, तिच्यासमोर रिकाम्या हाताने उभा राहणार नाही,’ हेच पालुपद. अकामा जाऊ दे. माझी मशीन श्रीवर्धनलाही चालेल आणि यासिर तुमच्या हाताखाली मराठीत उत्तरं द्यायला शिकेल. पण हे तुम्ही त्यांना सांगायला हवं. उद्या ते परततील, मग पुढच्या खेपेआधी आठवडाभर घरी आहेत. हे पत्र देशी निघालेल्या जमिलाच्या हाती देते, परवा तुमच्या दारात येईल. मिळताच फोन करा आणि म्हणा, जसा असशील तसा ये.

कुणी कळवलं ते लपवू नका. रबियाने सांगितलं म्हणा. रागावतील. रागावू देत, पण माझ्यासमोर बसून रागावू देत.

तुमच्या फोनकडे कान लावून बसलेली,
रबिया